आमचे लेक-जावई परदेशात नक्की करतात काय?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेलं भाषण. छापायला देताना थोडं सावरून घेतलं आहे.)



मी बँकेतून निवृत्त झालो २०११ साली. तेव्हापासून दरवर्षी या हॉलमध्ये माझं एक भाषण ठरलेलं असतं आणि विषयही ठरलेला असतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पंधरा-एच फॉर्म, नॉमिनेशन, लॉकरची किल्ली. तुम्ही बिचारे ऐकून घेता, शेवटी बटाटेवडा असतो म्हणून. या वर्षी सेक्रेटरींचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, विषय मी देतो. ते म्हणाले, काय? मी म्हटलं, स्कूबा डायव्हिंग. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "काका, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी आहे. पण एक जुना हिशेब चुकता करायचा आहे.

आपली सोसायटी २००० साली रजिस्टर झाली, तेव्हा आमची लेक दहावीत होती. पहिल्या गणपतीची रांगोळी तिने काढली होती, जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे इंजिनिअर झाली, ऐरोलीला आयटी कंपनीत लागली, तिथल्याच सहकाऱ्याशी लग्न झालं. इथवर तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर तुम्ही जेव्हा जेव्हा विचारलंत, "काय म्हणते लेक? कुठे असतात हल्ली?", तेव्हा तेव्हा मी उत्तर दिलं, "परदेशात. टुरिझममध्ये. दोघंही मॅनेजर." हे धादांत खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ते दोघं मालदीवमध्ये डायव्हिंग गाईड आहेत. पर्यटकांना पाठीवर हवेचा सिलिंडर लावून समुद्राखाली घेऊन जातात, मासे-प्रवाळ दाखवतात आणि सुखरूप वर आणतात. दहा वर्षं मी हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटत होती. लाखाच्या पगाराची नोकरी सोडून मुलगी बोटीवर सिलिंडर उचलते, हे बँकेच्या चीफ मॅनेजरने कुठल्या तोंडाने सांगायचं?

आजच सांगायचं कारण असं. आपल्याच सोसायटीतला एक मुलगा, नाव घेत नाही, नोकरी सोडून हाच कोर्स करायला निघालाय. त्याचे आईवडील महिन्यापूर्वी माझ्याकडे आले. म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. तुमचं ऐकेल तो. जरा समजवा." त्यांना कल्पना नव्हती की ते कुणाच्या दारात आलेत. आमची ही स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होती. मी त्यांना म्हटलं, विचार करून सांगतो. ते आज सांगतोय, सगळ्यांसमोर.

याची सुरुवात आपल्या कोकणातच झाली. मालवणजवळ तारकर्लीला सरकारी पर्यटन महामंडळाचं डायव्हिंगचं केंद्र आहे. मालवणच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती पंधरा-वीस मिनिटांची डुबकी मारून फोटो काढलेत. आमची दोघंही तशीच गेली होती, सुट्टीत. आपण फोटो काढून मासळीच्या थाळीकडे वळतो. ही दोघं परत परत गेली. मग अंदमानला जाऊन रीतसर कोर्स केला. २०१४ साली दोघांनी एकाच दिवशी राजीनामा दिला आणि थायलंडमध्ये को ताओ नावाच्या छोट्याशा बेटावर गेले. जगभरचे लोक तिथे डायव्हिंग शिकायला जातात. पहिली पायरी ओपन वॉटर, म्हणजे अठरा मीटरपर्यंत जायची परवानगी. पुढची तीस मीटरची. मग रेस्क्यू, म्हणजे दुसऱ्याला वाचवायचं कसं. मग डाइव्हमास्टर, तिथून गाईडचं काम करता येतं. त्याच्यावर इन्स्ट्रक्टर, म्हणजे शिकवायचा अधिकार. आपल्याकडे सीएआयआयबीच्या परीक्षा असायच्या तशा पायऱ्या आहेत, फक्त नापास झालात तर इन्क्रिमेंट जात नाही, जीव जातो. असं मी त्या वेळी तिला फोनवर म्हणालोही होतो. त्यानंतर दोन महिने आमचं बोलणं बंद होतं.

२०१६ मध्ये ते मालदीवला आले. मला कितीतरी वर्षं तो देश म्हणजे हनिमूनच्या जाहिराती एवढंच माहीत होतं. खरं म्हणजे आम्हा बँकवाल्यांना माहीत असायला हवं होतं, स्टेट बँकेची माले शाखा १९७४ पासून आहे. पर्यटन तिथे सुरू झालं त्याच्या फक्त दोन वर्षं आधी. सुमारे बाराशे बेटं, त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती, आणि सगळा देश समुद्रापासून हातभर उंच.

आम्ही दोघं तिथे गेलो फेब्रुवारी २०२३ मध्ये. सात वर्षं लेक बोलवत होती, मी कारणं देत होतो. शेवटी हिने एकटीचं तिकीट काढायची धमकी दिली. मुंबईहून मालेला विमान तीन तासांच्या आत पोचतं. तिथून स्पीडबोटीने दोन तास, दक्षिण आरी अटोलमधल्या धिगुरा या बेटावर. 'धिगु' म्हणजे लांब, 'रा' म्हणजे बेट. लेक म्हणाली, "बाबा, धिगु म्हणजे आपलं दीर्घ." त्यांची धिवेही भाषा मूळची आपल्याच कुळातली. तीनला तिन, दहाला दिहा. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर हीच भाषा बोलतात. सकाळी नाष्ट्याला पोळीसारखी रोशी आणि तिच्याबरोबर मासहुनी, म्हणजे टूना मासा, खोबरं, कांदा, मिरची कालवून. कांदे-बटाटे भारतातून जातात. आणि बोटीला म्हणतात धोनी. हे ऐकल्यावर मी दोन दिवस सगळ्यांना क्रिकेटचे विनोद ऐकवले. जावई सभ्य आहे, प्रत्येक वेळी हसला.

ते राहतात एका दुकानाच्या वर, एका खोलीत. पांढऱ्या वाळूवरचा बंगला वगैरे काही नाही, ते पाहुण्यांसाठी. खोलीत एक पलंग, एक इंडक्शनची शेगडी, दोरीवर वाळत घातलेले रबरी सूट आणि भिंतीवर आपल्या सोसायटीचं कॅलेंडर. ते कॅलेंडर मीच दरवर्षी पाठवायचो, पण ते लावलेलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आता काम. सकाळी सहाला जावई कॉम्प्रेसरवर. रात्री भरलेल्या सिलिंडरांचं प्रेशर तपासायचं. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बार असतात. काही सिलिंडरांमध्ये प्राणवायूचं प्रमाण वाढवलेलं असतं, त्याचं टक्केवारीचं मोजमाप करून प्रत्येक पाहुण्याची वहीत सही घ्यायची. मग एकेक सिलिंडर धोनीवर चढवायचा. एकेकाचं वजन पंधरा किलोच्या आसपास. आमच्या लेकीला मी दोन हातांत दोन उचलताना पाहिलं. हिने तोंड दुसरीकडे केलं.

मग पाहुणे येतात. प्रत्येकाकडून तब्येतीचा फॉर्म भरून घेतात: दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का. मलाही दिला. माझी २०१८ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. मी पेन घेऊन विचार करत बसलो, तर लेक म्हणाली, "बाबा, नाही लिहायचा विचारही करू नका." डॉक्टरच्या सहीशिवाय मला पाण्याखाली नेणार नाही म्हणाली, आणि आपल्या इथल्या डॉक्टरांनी सही द्यायला आधीच नकार दिला होता. तेव्हा मी आठ दिवस बोटीवरच बसलो. एकदा लाइफ जॅकेट घालून, जावयाचा हात धरून, वरून डोकं बुडवून पाहिलं तेवढंच.

बोट निघाली की लेक पाटीवर चित्र काढते. इथे रीफ, इथून उतरायचं, प्रवाह असा वाहतोय, इथे वर यायचं. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केलं की ठीक आहे. अंगठा वर केला की "वर चला". आपले लोक इथेच चुकतात. मासा दिसला की खुशीत अंगठा वर करतात, मस्त म्हणून. गाईड सगळ्यांना घेऊन वर यायला लागते. मग बोटीवर "अहो, वर का आणलंत?"

प्रवाह कसा आहे हे बघायला पाण्यात पहिली उडी गाईडची. आणि खाली गेल्यावर तिचं लक्ष माशांकडे नसतंच. दर थोड्या वेळाने ती प्रत्येकाला विचारते, हवा किती उरली? ते बोटांनी दाखवायचं. समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. वीस मीटरवर तो जमिनीच्या तिप्पट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा संपते. घाबरलेला माणूस त्याहून भराभर संपवतो. १०० बारला परत फिरायचं, ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं. मी म्हटलं, हा तर मिनिमम बॅलन्स. ती म्हणाली, "हो, पण इथे पेनल्टी वेगळी लागते."

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. का, ते मला लेकीने सोड्याच्या बाटलीने समजावलं. खाली दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसातून गुपचूप निघून जातो. झटकन आलं तर बाटलीचं बूच काढल्यावर जसे फसफसून बुडबुडे येतात तसे अंगात, सांध्यांत, कधी पाठीच्या कण्यात येतात. माणूस पांगळा होऊ शकतो, मरूही शकतो. त्याला मग पोलादी कक्षात ठेवून पुन्हा दाब देऊन सावकाश उतरवावा लागतो. मालेजवळच्या बंडोससारख्या मोजक्या बेटांवर असे कक्ष आहेत. विमानातही दाब जमिनीपेक्षा कमी असतो, म्हणून शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसायच्या आधी वेळ जाऊ द्यावा लागतो. रोज दोन-तीन डुबक्या मारल्या असतील तर निदान अठरा तास.

हे अठरा तास लक्षात ठेवा, कारण यावरूनच जे झालं ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या मुक्कामाचा पाचवा दिवस. आपल्याच बाजूचे एक पाहुणे होते, साठीचे, पैसेवाले, स्वभावाने वाईट नव्हते. चार दिवस डायव्हिंग करत होते. त्यांना पाहायचा होता व्हेल शार्क. नावात व्हेल असलं तरी तो मुशीच्या जातीचा. बाजारात मुशी बघतो आपण हातभर, हा बसएवढा वाढतो आणि खातो बारीकसारीक तरंगते जीव. दक्षिण आरीत तो बारा महिने दिसू शकतो, म्हणून तिथे लोक जातात. त्यांना चार दिवसांत दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं त्यांचं विमान. दुपारी दुसऱ्या बोटीकडून बातमी आली, दिसलाय. ते म्हणाले, मला आत्ता सिलिंडर लावून खाली न्या. लेकीने हिशेब केला. वर यायला चार वाजणार, चार ते सात पंधरा तास. ती म्हणाली, सर, नेता येणार नाही. वरून पोहत दाखवते, तुमचं नशीब असेल तर वरच येईल.

ते म्हणाले, पंधरा आणि अठरामध्ये असा काय फरक आहे? मी माझ्या जबाबदारीवर लिहून देतो. ती म्हणाली, नाही. ते म्हणाले, दुप्पट पैसे घ्या. ती म्हणाली, नाही. मग त्यांचा आवाज चढला. तुमच्या मालकाला बोलवा, मी इंटरनेटवर लिहीन, तुम्हा लोकांना गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत नाही. बोटीवर दहा माणसं. आमची ही घाबरून माझा हात धरून बसली. मला वाटलं, आता मीच उठावं आणि म्हणावं, अगं, तीन तासांचा तर प्रश्न आहे, ने ना त्यांना. मी उठलोसुद्धा होतो. जावयाने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. मी बसलो.

मित्रहो, एक गोष्ट मी आजवर सांगितलेली नाही, आता सांगून टाकतो. १९९४ साली एका शाखेत मॅनेजर असताना माझ्यापुढे एक कर्जप्रकरण आलं. कारखाना चांगला, माणूस चांगला, फक्त तारण थोडं अपुरं. थोडंच. मी फाईल परत पाठवायला हवी होती. वरून फोन आला, करून टाका. मी केली. दीड वर्षात खातं बुडीत. चार्जशीट आली माझ्या नावावर, फोन करणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. माझी दोन इन्क्रिमेंट गेली आणि प्रमोशन चार वर्षं लांबलं. तेव्हा लेक दहा वर्षांची होती, तिला यातलं काही माहीत नाही. माहीत नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

ते पाहुणे सिलिंडरशिवायच पाण्यात उतरले. व्हेल शार्क तोवर खोल गेला होता. दुसऱ्या दिवशी टीप न देता गेले आणि इंटरनेटवर वाईट लिहिलं, तिचं नाव घालून. सेंटरचा मालक धिगुराचाच, पन्नाशीचा, स्वतः डायव्हर. त्याने ते वाचलं, लेकीला काही बोलला नाही, माझ्याकडे येऊन म्हणाला, तुमच्या मुलीचं बरोबर होतं. मोडकंतोडकं हिंदी येतं त्याला, सिनेमे बघून. मला इतकं संकोचल्यासारखं झालं की मी 'शुकुरिय्या' म्हणायच्या ऐवजी 'थँक यू सर' म्हणालो.

संध्याकाळी ती सगळं सामान गोड्या पाण्याने धूत होती. मी शेजारी बसून नळ्या-मास्क मोजून वहीत लिहिले. एक मास्क कमी निघाला. कॅश टॅली होईपर्यंत मी उठत नाही, तुम्हाला माहीत आहे. धोनीच्या बाकाखाली सापडला.

आता या कामाची दुसरी बाजू, नाहीतर तो मुलगा आज रात्रीच बॅग भरायचा.

नोकरी म्हणजे मूळ पगार थोडा, त्यावर कोर्सचं आणि डुबक्यांचं कमिशन, आणि टीप. आकडा सांगत नाही, लेकीने बजावलंय. पण आयटीत राहिली असती तर आज तिप्पट मिळवती, एवढं सांगतो. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत, पाहुणे भरपूर. मे महिन्यात त्यांचा नैऋत्य मोसमी वारा सुरू होतो, आपल्याकडे पोचायच्या आधी तो तिथे पोचतो. मग बोटी रिकाम्या आणि कमिशनही रिकामं. कामाचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो, नोकरी सोडली की परवाना गेला. पहिल्या ठिकाणी, जिथे ते २०१६ मध्ये लागले, तिथे तीन महिन्यांचा पगार अडकला होता. करारात लिहिलं होतं 'योग्य वेळी'. सही करायच्या आधी मला दाखवला असता तर मी ते वाक्य लाल पेनाने खोडलं असतं. पण आमचं बोलणं धड नव्हतं, दाखवणार कुणाला?

शरीराचं म्हणाल तर सर्दी झाली तरी पाण्यात जाता येत नाही, कानाचा पडदा फाटू शकतो. मागच्या वर्षी लेकीच्या कानात संसर्ग झाला, साडेतीन आठवडे काउंटरवर बसून होती, कमिशन शून्य. चाळिशी उलटली आता तिची. आणखी किती वर्षं सिलिंडर उचलणार, हा प्रश्न ती मला विचारत नाही आणि मी तिला विचारत नाही. जावई हल्ली कॉम्प्रेसर आणि रेग्युलेटर दुरुस्तीचं शिकतोय, त्यावरून मी काय ते समजतो.

पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीवर भरवसा नाही. मग जे मला येतं ते मी केलं. तिचं पीपीएफ खातं लग्नाआधीचं होतं. एनआरआयला नवीन उघडता येत नाही, जुनं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, ते चालू ठेवलं. एनपीएस एनआरआयलाही घेता येतं, ते दोघांना काढायला लावलं. पैसे एनआरई खात्यात. आयुर्विम्याच्या फॉर्मवर व्यवसाय स्वच्छ लिहिला, हप्ता जास्त लागला तरी. तिथे 'टुरिझम मॅनेजर' लिहिलं असतं आणि उद्या काही झालं असतं, तर क्लेम नाकारला असता. ते लिहिताना माझ्या लक्षात आलं की विमा कंपनीला मी खरं सांगतोय आणि शेजाऱ्यांना नाही.

शेजाऱ्यांवरून दोन गोष्टी. २०२० च्या मार्चअखेर मालदीवने सीमा बंद केल्या. पाहुणे नाहीत, पगार नाही. ८ मेला आपल्या नौदलाची आयएनएस जलाश्व मालेहून ६९८ भारतीयांना घेऊन निघाली आणि १० मेला कोचीला लागली. त्यात हे दोघं होते. तिथलं विलगीकरण संपवून, मिळेल त्या गाडीने डोंबिवलीला आले. आपल्या गेटवर तेव्हा माझ्याच सहीची नोटीस होती, बाहेरून येणाऱ्याने आणखी चौदा दिवस वेगळं राहायचं. मी खजिनदार. माझ्या घरात आम्ही दोघं सत्तरीच्या आसपासची. ए विंगमधल्या एका कुटुंबाने रिकाम्या फ्लॅटची किल्ली दिली, त्यांच्या काकूंनी चौदा दिवस दारात डबा ठेवला. गॅलरीतून लोक विचारायचे, "मालदीवला हॉटेलात होते ना?" मी खालून ओरडायचो, "हो, हॉटेल लाईन!" लेक वरच्या खिडकीत उभी राहून ऐकत होती. त्यानंतर सहा महिने दोघं घरी होते. मी आयटीतल्या दोन ओळखीच्या लोकांशी बोलून ठेवलं होतं, एकाने मुलाखतीला बोलावलंही. नोव्हेंबरात ते परत मालेच्या विमानात बसले.

दुसरी गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. मालदीवला जाऊ नका, अशी लाट आली होती. त्यामागचं राजकारण आज सोडून देऊ. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही मेसेज आले, तिकिटं रद्द केल्याचे, थट्टेचे. रागही समजू शकतो मी. त्या हंगामात आपल्याकडचे पाहुणे एकदम आटले, आणि लेक-जावयाकडे मुख्यतः आपल्याकडचेच पाहुणे असायचे, मराठी-हिंदी बोलता येतं म्हणून. मी एका मेसेजला अंगठा दाखवला होता. वर केलेला अंगठा. लेकीच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा होतो, हे तेव्हा सुचलं नाही. ती या ग्रुपवर नाही, पण तिची आई आहे. आठ दिवस मला चहा मिळाला, साखरेशिवाय.

रोज शेवटची डुबकी झाली की लेकीचा मेसेज येतो. दोनच शब्द: 'वर आले.' जावयाचा वेगळा: 'वर आलो.' त्यांचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, म्हणजे आपल्याकडे साधारण पाच-साडेपाच. त्या वेळी मी खाली बाकावर असतो आणि मध्येच मोबाईल काढून बघतो. पलीकडे बसणारे मला नेहमी विचारतात, "शेअर बाजार बंद झाला, आता काय बघता?" तर हे बघतो.

आजचे दोन्ही मेसेज भाषणाला उभं राहायच्या आधी आलेत.

आता त्या मुलाच्या आईवडिलांना. तुम्ही मला समजवायला सांगितलंत. मी त्याला जाऊ नको म्हणणार नाही आणि जा असंही म्हणणार नाही, तेवढा अधिकार मी माझ्याच लेकीच्या बाबतीत वापरून पाहिलाय. त्याने आधी तारकर्लीला किंवा अंदमानला रेस्क्यूपर्यंतचे कोर्स करावेत, खर्च मोठा आहे पण परदेशाच्या मानाने कमी. कान आणि छाती तपासून घ्यावी. नोकरीचा करार हातात येईल तेव्हा सही करू नये. पगार किती तारखेला, परवाना कोण काढणार, आजारपणात काय, अपघात झाला तर दाबाच्या कक्षापर्यंत नेण्याचा खर्च कुणाचा, हे त्यात आहे का बघायचं. डायव्हरांसाठी वेगळा विमा मिळतो, तो मालकाच्या नावावर न ठेवता स्वतःच्या नावावर घ्यायचा. करार घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा, रविवारी सकाळी दहानंतर. लाल पेन माझ्याकडे आहे. लेकीलाही फोनवर घेऊ, शुक्रवारी तिला सुट्टी असते, पण माझ्यासाठी रविवारीही उचलते.

बटाटेवडे आलेत असं दिसतंय. थांबतो.